हिरव्या दगडाचं मीठ

कल्पनाचं पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. घास तोंडात असताना ते उघडलं, ही चूक झाली.

कल्पना माझी धाकटी बहीण. मी फोन उचलत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून आजच्या काळातही ती मला पोस्टाने लिहिते. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही म्हणून मी गोंधळतो, आणि चेहरा दिसला तर जास्तच गोंधळतो. पत्राचं बरं असतं. पत्र गप्प बसून वाट बघतं.

तिने लिहिलं होतं : "दादास नमस्कार. मेसमध्ये जेवणात केस निघून राहिले. एखादा नाही, गुच्छे. काल वरणात डाव फिरवला तर डावाला वेटोळं आलं. भातात, भाजीत, पिण्याच्या माठात. गिऱ्हाईक ताट सरकवून उठते. स्वयंपाकाच्या मंदाच्या डोक्याला फडकं बांधलं, तरी तेच. तू एवढी पुस्तकं वाचतो, कशात काही उपाय असंल तर कळव. मंदाला काढून टाकू का, तेही सांग. ती गरीब हाय पण मी काय करू."

डावाला आलेलं ते वेटोळं मला समोरच्या ताटात दिसायला लागलं. मी उठून मोरीपर्यंत गेलो आणि घास थुंकला. मला केसांची किळस लहानपणापासून. ताटात एक केस दिसला की माझं त्या दिवसाचं जेवण संपलं. कल्पनाला माझ्या वाटणीची भाकरी हवी असली की ती स्वतःच्या वेणीतला केस उपटून त्यावर टाकायची आणि निरागसपणे म्हणायची, "दादा, तुले नको असंल तर मी खातो."

ते पत्र मी कपाटातल्या एका जाड कोशात सरकवलं. उत्तर काय द्यायचं? मी आयुष्यभर नागपूरच्या एका विज्ञान महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. वरणातल्या केसांवर ग्रंथपालाने काय बोलावं? शिवाय उत्तर लिहायचं तर पत्र पुन्हा वाचावं लागणार होतं. महिने गेले.

कल्पनाची खानावळ सावळझरीच्या खाणीपाशी आहे. ही खाण पोटॅशची. पोटॅश म्हणजे पोटॅशियमचा क्षार. पिकाला तो लागतोच, आणि पूर्वी तो सगळा परदेशातून जहाजांनी यायचा. परदेशातल्या त्या जुन्या खाणींची छायाचित्रं मी पाहिली आहेत. एक पोतं पोटॅश काढायचं तर त्याच्या दुप्पट-तिप्पट टाकाऊ मीठ उरतं. त्याचे डोंगर होतात, पाऊस पडला की ते विरघळतात, आणि खालच्या विहिरींचं पाणी गुराढोरांनाही पिववत नाही. सावळझरीला हे काही नव्हतं. तिथे जमिनीत हिरवा वालुकाश्म आहे, फार जुन्या समुद्राच्या तळाशी बसलेला. त्याच्या पापुद्र्यांत पोटॅशियम दडलेलं असतं. 'हरितमूल' नावाच्या कंपनीने तो दगड कुटून आंबट पाण्यात भिजवायचा, पाणी एका चाळणीतून न्यायचं, आणि तेच पाणी पुन्हा दगडावर फिरवायचं, असा कारखाना उभारला. उरलेली वाळू बांधकामाला. धुरांडं नाही, गाळाचं तळं नाही, सांडपाण्याचा एक थेंब बाहेर नाही.

सगळी करामत त्या चाळणीची होती. ती माणसाने शोधली असं म्हणणंही खरं नव्हे. आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत ती आहे. पेशीला पोटॅशियम आत हवं असतं आणि सोडियम बाहेर. गंमत अशी की सोडियमचा कण पोटॅशियमपेक्षा लहान. तरी दारातून मोठा जातो आणि लहान अडतो. असं का? तर पाण्यात हे कण उघडे नसतात. त्यांच्या अंगावर पाण्याच्या रेणूंचा अंगरखा असतो. दार इतकं अरुंद की अंगरखा उतरवूनच आत जावं लागतं. दाराच्या चौकटीत प्राणवायूचे अणू अशा अंतरावर उभे असतात की अंगरखा काढलेल्या पोटॅशियमला ते बरोबर चारी बाजूंनी धरतात. त्याला उघडं पडल्यासारखं वाटतच नाही. सोडियम बारीक, त्याच्यापर्यंत चौकटीचे हात पोचत नाहीत. म्हणून तो अंगरखा काढायला तयार होत नाही, आणि बाहेरच राहतो. हरितमूलने अशी अब्जावधी दारं एका पडद्यात बसवली होती.

हे मी एका विज्ञान मासिकात लिहिलं होतं. मी तिथे नेहमी नुसती आद्याक्षरं घालतो, गु. झा. पूर्ण नाव छापून आलं की लोक ओळख काढतात आणि मग बोलावं लागतं. त्या लेखातलं एक वाक्य कंपनीला फार आवडलं. "जो अंगरखा उतरवील, तोच या दारातून जाईल." त्यांनी ते आपल्या मिठाच्या पिशवीवर छापलं. कंपनी चाळणीतून आलेल्या पोटॅशियम क्षारात थोडं साधं मीठ मिसळून 'हलकं मीठ' बनवत होती. रक्तदाबाला बरं म्हणून आसपासच्या गावांत ते घरटी फुकट वाटत होती. माझं वाक्य हिरव्या अक्षरांत छापलेली ती पिशवी भाच्याने मला कौतुकाने पाठवली होती. मी ती उघडली नाही. मिठाला सुवास घातला होता. मिठाला!

भाचा म्हणजे कल्पनाचा मुलगा, प्रज्वल. तो चाळणी विभागाचा प्रमुख आहे. शाळेत असताना सुट्टीभर माझ्या ग्रंथालयात फरशीवर पालथा पडून वाचायचा. यंदा खाणीला 'शून्य कचरा' म्हणून मोठा पुरस्कार मिळाला, आणि समारंभात माझाही सत्कार करायचं त्याने परस्पर ठरवून टाकलं. मला नाही म्हणता आलं नाही. कंपनीची बिनचालकाची जीप दारात येऊन उभी राहिली, आणि बिनचालकाच्या जीपला तरी कारण काय सांगणार?

दुपारी मी कल्पनाच्या मेसमध्ये पोचलो. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"आला का? पत्राचं उत्तर हातानं घेऊन आला वाटते."

"राहून गेलं," मी म्हणालो.

"राहून गेलं म्हणते. बस. जेव आधी."

आत सिमेंटचं लांबच लांब टेबल. भिंतीवर पाटी होती : 'जेवणात केस आढळल्यास ताट बदलून मिळेल.' टेबलाखाली ओळीने प्लास्टिकच्या बादल्या ठेवलेल्या. आधी मला वाटलं, खरकट्याच्या असतील. पण जेवणाऱ्या माणसांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळून पाय त्या बादल्यांत सोडले होते. पाण्यावर साबणासारखा तवंग होता, आणि तवंगावर केस.

"या काकाजी, बादली घ्या," माझ्या शेजारचा माणूस म्हणाला. भुजाडे नावाचा, खाणीत दगड फोडणाऱ्या यंत्रावरचा.

"बादली कशाला?"

"पायाले. तळव्यांची आग होते ना जी. रात्री चादर लागली तरी जीव जाते. साहेब लोक म्हणे जोड्यांचा दोष हाय. नवे जोडे देल्ले. आता नव्या जोड्यात आग होते."

पलीकडचा हसला. "आमच्या गावचा न्हावी वणीले निघून गेला काकाजी. म्हणे, इथं लोक आपोआपच भादरून राहिले, मी का वस्तरा चाटू?"

सगळं टेबल हसलं. मी वाटीतल्या वरणाकडे पाहत होतो. त्यात बोटभर लांबीचा एक करडा केस होता, पिवळ्या वरणात अर्धा बुडालेला.

मी वाटी सरकवलेली कल्पनाने पाहिली. तिचा चेहरा उतरला. "मंदा!" ती ओरडली.

आतून चाळिशीची एक बाई आली. डोक्याला भुवयांपर्यंत फडकं आवळलेलं. वाटीत एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिने फडकं सोडलं. डोकं गुळगुळीत होतं.

"पाहा भाऊजी. एक केस दाखवा, आत्ता काम सोडतो. दिवाळीपासून वस्तरा फिरवून राहिलो मी. नवरा जित्ता हाय माहा, अन् मी डोकं भादरलं. सासू सकाळी माहं तोंड पाहत नाही. हळदीकुंकवाले कोणी बोलवत नाही. अजून का सोलू, कातडं?"

भुजाडेने अवघडून डोक्यावरून हात फिरवला. हात खाली आला तेव्हा बोटांत करड्या केसांचा झुपका होता, जनावराच्या अंगाचा गळावा तसा. त्याने तो पॅन्टला पुसला आणि त्याच हाताने भात कालवायला घेतला.

मी बाहेर पळालो. चिंचेखाली पोट रिकामं होईपर्यंत ओकलो.

कल्पना तांब्या घेऊन मागे आली. "लहानपणासारखाच हायेस तू."

"केस यांचेच आहेत," मी तोंड पुसत म्हणालो. "जेवणाऱ्यांचे. वाकून जेवतात आणि गळतात. खानावळीत केस निघाला की आपण स्वयंपाकिणीकडे बघतो. ताटावर वाकलेल्या डोक्याकडे कोणी बघितलंच नाही."

ती खाली दगडावर बसली. "अन् मी तिले रोज बोलून राहिलो," ती म्हणाली. मग वर पाहत : "पण यांचे काऊन झडतात?"

केस आणि तळपाय. या दोन गोष्टी मी कुठेतरी एकत्र वाचल्या होत्या. विषांवरच्या एका जुन्या ग्रंथात. थॅलियम. एके काळी उंदीर मारायला वापरायचे, आणि त्याही आधी, विश्वास बसणार नाही, नको असलेले केस काढायच्या मलमात. कल्पनाच्या गल्ल्यावर कागद उडू नयेत म्हणून हिरव्या दगडाचा एक तुकडा ठेवलेला असायचा. मी तो आणायला सांगितला. दगडात सोनेरी ठिपके चमकत होते.

"हे आधीच्या दगडात नव्हतं," मी म्हणालो.

"गेल्या वर्षीपासून निघते. पोरं सोनं म्हणून जमा करते."

ते सोनं नव्हतं. गंधक आणि लोखंडाचा खडा होता. थॅलियमला त्याच्यात राहायला आवडतं. आणि थॅलियमचा कण जवळजवळ नेमका पोटॅशियमच्या मापाचा. तोही अंगरखा उतरवतो. चाळणीच्या दाराला तो ओळखू येत नाही, आणि आपल्या शरीराच्या दारांनाही नाही. पोटॅशियम समजून ती त्याला मज्जातंतूंत घेतात, केसांच्या मुळांत घेतात.

"कोणतं मीठ वापरतेस?" मी विचारलं, जरी मला ठाऊक होतं.

तिने पिशवी आणली. माझं वाक्य माझ्याकडे बघत होतं. "यात विष असावं," मी म्हणालो. कल्पनाने विचारलं नाही, वाद घातला नाही. मिठाचा डबा उचलला आणि चिंचेखाली, मी ओकलो होतो तिथेच, उपडा केला. "पण दादा," ती म्हणाली, "हे तर घरोघरी हाय. गावात दुसरं मीठ कोणी आणतच नाही आता."

संध्याकाळच्या समारंभाआधी मी प्रज्वलकडे गेलो. तो चाळण्यांच्या दालनात होता. पांढऱ्या नळकांड्यांच्या रांगा, मंद गुणगुण, कसलाच वास नाही. इतकी स्वच्छ जागा मी इस्पितळातही पाहिलेली नाही.

"मामा, थॅलियम?" तो हसला. "आईने वाटीत केस दाखवला आणि तुम्ही थेट विषापर्यंत?"

"तपासता का?"

"तपासायच्या यादीत नाही. शिसं आहे, आर्सेनिक आहे, पारा आहे. आपला माल नव्याण्णव पूर्णांक नऊ दशांश टक्के शुद्ध आहे."

"आणि उरलेला दशांश?"

"उरलेलं काहीतरी असतंच की."

"जुन्या खाणीत हे उरलेलं कुठे जायचं?"

"कचऱ्यात. गाळाच्या तळ्यात."

"आणि तुझ्याकडे?"

त्याने नळकांड्यांच्या रांगांकडे पाहिलं. तो हुशार आहे. मला पुढचं सांगावं लागलं नाही. त्याच्या कारखान्यात कचऱ्याला जागाच नव्हती. तेच पाणी गोल गोल फिरत होतं, आणि त्या पाण्यात जे जे पोटॅशियमसारखं दिसेल त्याला बाहेर पडायला एकच दार होतं. त्या दाराच्या पलीकडे पिशवी होती, पिशवीपलीकडे वाटी.

त्याने कठडा धरला. मग भराभर बोलू लागला.

"समजा असेल. उपाय आहे. चाळणीआधी एक निळी गाळणी बसवायची. प्रशियन ब्लू, चित्रकारांचा जुना रंग. थॅलियम त्यात अडकतं. पावसाळ्यापर्यंत करतो मी, मामा, शपथ. फक्त तोवर बोलू नका. ही खाण बंद पडली तर लोक म्हणतील स्वच्छ खाण हे थोतांड होतं. मग पुन्हा तेच मिठाचे डोंगर, त्याच नासलेल्या विहिरी. तुम्हीच लिहिलंय ना त्यांच्याबद्दल?"

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो, कारण ते बरोबरच होतं. "पण तोवर मीठ?"

"एकदम थांबवलं तर लोक विचारतील. हळूहळू कमी करू."

हळूहळू. त्या स्वच्छ, बिनवासाच्या दालनात मला दुपारपेक्षा जास्त किळस आली. हा मुलगा वाईट नव्हता. त्याने हे स्वतःच्या आईच्या खानावळीतल्या माणसांबद्दल म्हटलं होतं, आणि म्हणताना त्याचा आवाज अगदी मऊ होता. कठड्यावरच्या त्याच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. प्रत्येक नखावर आडवी पांढरी रेघ होती, खडूने ओढल्यासारखी.

"हे काय?"

"साबण बदललाय," तो म्हणाला आणि हात खिशात घातले. मग नजर चुकवून : "आणि मामा, रागावू नका, पण तुम्ही ग्रंथपाल आहात. तुमचं चुकतही असेल."

हे मात्र त्याने न सांगताही मला वाटतच होतं.

समारंभात पाहुण्यांनी वसुंधरेवर भाषण केलं. मला शाल दिली, नारळ दिला, आणि सुवासिक मिठाची एक पिशवी. नारळाच्या शेंडीला हात लागला आणि अंगावर शहारा आला. माईक माझ्यापुढे धरला गेला. मी दोन्ही हात जोडले आणि खाली उतरलो. लोकांना ती विनम्रता वाटली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचीही मला किळस आली, आणि माझ्या जोडलेल्या हातांचीही.

नागपूरला येताना खिशात मीठ होतं, आणि कागदात बांधलेला भुजाडेचा झुपका. तो मी मेसच्या फरशीवरून उचलून स्वतःच्या बोटांनी बांधला होता. महाविद्यालयाची प्रयोगशाळा आता नसीम शेख सांभाळते; विद्यार्थिनी असताना पुस्तकं उशिरा परत करायची. दोन्ही मी तिला तपासायला दिलं. दोन दिवसांनी तिचा निरोप आला. मी गेलो.

"सर, दोन्हींत आहे. आणि थोडंथोडकं नाही. दोनदा करून पाहिलं."

"तिसऱ्यांदा कर. यंत्र चुकलं असेल."

"सर, यंत्राला तुमच्याइतका स्वतःवर संशय नसतो," ती म्हणाली. पण तिने तिसऱ्यांदा केलं. तेच आलं. तिने तो अहवाल जिल्ह्याला पाठवला. तिकडून समिती नेमल्याचं कळलं.

त्या संध्याकाळी फोन वाजला आणि मी तो उचलला.

"दादा? तू उचलला?" पलीकडे कल्पना होती. "ऐक. मी मेसमध्ये सांगितलं, गावात सांगितलं. कोणी ऐकून नाही राहिलं. प्रज्वल म्हणते मामा म्हातारे झाले. लोक म्हणते, पिशवीवर तुझ्याच भावाचं लिहेल हाय, अन् तूच म्हणते खाऊ नका. कोणाचं खरं मानाव? तू लिहून दे. सही कर, पुरं नाव टाक. माह्या पत्राचं उत्तर बाकी हाय ना तुझं? तेच दे. त्या केसांच्या पाटीवर चिकटवतो मी."

"प्रज्वलचं काय होईल?"

"त्याच्या उशीवर केस दिसले मले काल," ती म्हणाली. "लिही."

मी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात 'कदाचित' होतं, 'असा माझा समज आहे' होतं, 'जाणकारांनी चूक दाखवावी' होतं. मी ते सगळं खोडलं. खोडल्यावर फार थोडं उरलं :

"चि. कल्पना, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. केस मंदाचे नव्हते. तिला कोणी बोल लावू नये. तिने पुन्हा केस वाढवावेत. हिरव्या पिशवीतलं मीठ विषारी आहे. आज, आत्ता बंद करा आणि गुरांनाही घालू नका. पिशवीवरचं वाक्य माझं आहे आणि ते अपुरं आहे : त्या दारातून पोटॅशियमच्या मापाचं विषही आत जातं. ज्यांचे तळपाय जळतात त्यांनी थांबू नये, मोठ्या इस्पितळात जाऊन थॅलियमची तपासणी मागावी. यावर औषध आहे. प्रज्वलला तू स्वतः घेऊन ये. औषध निळ्या रंगाचं असतं, त्याने शौचाला निळी होते, घामही रंगतो. त्याला घाबरू नये. प्रज्वल माझ्याकडेच राहील. त्याचं सगळं मी करीन. मला किळस येणार नाही. गुणवंत तुकाराम झाडे."

सहीआधीचं वाक्य खरं होतं की नाही मला माहीत नव्हतं. तरी ते मी खोडलं नाही.

पोस्टात रांग होती. खिडकीतल्या मुलीने पाकीट वजनाला ठेवलं आणि मान वर न करता विचारलं, "पाठवणाऱ्याचं नाव?"

मी सांगितलं.

"मोठ्याने सांगा ना काका, ऐकू नाही आलं."

मी मोठ्याने सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. रांगेतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. मुलीने पाकिटावर पट्टी चिकटवली आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.